जुन्या इलेक्ट्रिक गिटारी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : नव्या गिटारी यंत्रावर बिनचूक बनत असताना साठ वर्षे जुन्या गिटारीसाठी लोक लाखो रुपये का मोजतात? आवाज खरोखरच वेगळा असतो का? (पुणे)

उत्तर : असतो, परंतु त्याचे सगळे श्रेय वयाला देता येत नाही. इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज प्रामुख्याने तारा, त्यांची कंपने विद्युत सिग्नलमध्ये बदलणारे पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर यांतून घडतो, त्यामुळे लाकूड मुरले की नाद खुलतो हा विक्रेत्यांचा लाडका दावा मला अतिशयोक्त वाटतो. फरक आहे तो त्या काळच्या कामाच्या पद्धतीत. सेथ लव्हर यांनी रचलेले दोन कॉइलचे पिकअप गिब्सन कंपनी १९५७पासून लेस पॉल गिटारींना बसवू लागली. पेटंटसाठी अर्ज केल्याची चिठ्ठी त्यांच्या तळाशी असे, म्हणून त्यांना आजही ‘पीएएफ’ (पेटंट अप्लाइड फॉर) म्हणतात. त्यांतील तारेचे वेढे काटेकोरपणे सारखे नसत आणि चुंबकही निरनिराळ्या प्रतींचे वापरले जात, त्यामुळे एकाच वर्षीच्या दोन गिटारींचा आवाज तंतोतंत जुळेलच असे नाही. ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या १९५९च्या लेस पॉलचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिच्या नेकजवळच्या (नेक म्हणजे गिटारीची लांब मान) पिकअपचे चुंबक उलटे बसलेले असल्याने दोन्ही पिकअप एकत्र लावले की त्यांचे सिग्नल एकमेकांना अंशतः खोडतात आणि एक पोकळ, किंचित अनुनासिक स्वर निघतो. कारखान्याच्या तपासणीत हा दोषच ठरला असता, पण याच स्वराने ती गिटार ओळखली गेली आणि पुढे गिटारवादक गॅरी मूर व मेटॅलिका बँडचे कर्क हॅमेट यांच्या हाती गेली.

दुसरे कारण हाताला कळते. अनेक वर्षांच्या वादनाने नेकच्या पाठीवरचा लॅकरचा लेप झिजून लाकूड गुळगुळीत होते आणि फ्रेटबोर्डच्या (बोटे ठेवायच्या पट्टीच्या) कडा गोलावतात, त्यामुळे अशी नेक पहिल्या दिवसापासून हातात बसते. माझ्या मते वाजवणाऱ्यासाठी खरी ओढ हीच आहे. बाकीची बरीचशी किंमत संग्राहकांनी चढवलेली आहे.

प्रश्न : न्यू जर्सीतील मामेभाऊ १९६४ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर विकत घेऊन येताना आणणार आहेत. ती खरी आहे हे कसे ओळखावे? (ठाणे)

उत्तर : सीबीएस या कंपनीने जानेवारी १९६५मध्ये फेंडर विकत घेतली आणि त्याआधीच्या गिटारींना आजही जास्त भाव मिळतो, त्यामुळे १९६४ हे वर्ष नकली गिटार खपवण्यासाठी सोयीचे आहे. नेकच्या पाठीमागील पट्टीवरच्या क्रमांकावर विसंबू नये, कारण चार स्क्रू काढले की ती पट्टी बदलता येते. त्याऐवजी जाणकार कारागिराकडून नेक उतरवून घ्यावी. तिच्या टाचेवर महिना, वर्ष आणि नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) रुंदीचे अक्षर असा शिक्का दिसायला हवा. मग पिकगार्ड (दर्शनी भागावरचे आवरण) उचलून पॉटच्या (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या सुट्या भागाच्या) पाठीवरचा आकडा वाचावा. ३०४ ही सुरुवात स्टॅकपोल कंपनीची आणि १३७ ही सीटीएसची. पुढचे ६४१२ म्हणजे १९६४चा बारावा आठवडा. पॉटची तारीख नेकच्या तारखेच्या थोडी मागे असणे स्वाभाविक आहे, मात्र ती वर्षभर पुढची निघाली तर विक्रेत्याला जाब विचारावा. डाखाच्या (सोल्डरच्या) जागाही पाहाव्यात, कारण जुना डाख निस्तेज असतो आणि चकचकीत डाख म्हणजे अलीकडे कोणीतरी हात घातल्याची खूण.

याहून मोठी अडचण फ्रेटबोर्डची आहे. त्या काळी तो बहुधा ब्राझिलियन रोझवुडचा असे, आणि हे लाकूड १९९२पासून धोक्यातील वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे. २०१९मध्ये इतर रोझवुडच्या तयार वाद्यांना मिळालेली सवलत त्याला लागू नाही. परवान्याची कागदपत्रे हाती येईपर्यंत आपल्या भावांनी गिटार विमानात घालू नये.

प्रश्न : रंगाचे पोपडे निघालेली गिटार पुन्हा रंगवून घ्यावी का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. मूळ रंग गेला की किंमत बहुधा निम्म्यावर येते. उलट, दुसऱ्या कोणी पूर्वीच रंगवलेली गिटार स्वस्तात मिळत असेल तर अवश्य घ्यावी, कारण रंगाने पिकअप बदलत नाहीत. फ्रेट (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मात्र झिजणारच, ते बदलून घेण्यात काही वावगे नाही.

प्रश्न : कोकणातील पावसाळ्यात जुन्या गिटारीची निगा कशी राखावी? (रत्नागिरी)

उत्तर : केसमध्ये आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखावी, सिलिका जेलच्या पुड्या वेळेवर बदलाव्यात आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात. रबरी स्टँडवर ती कधीही टेकवून ठेवू नये, कारण रबराशी प्रक्रिया होऊन नायट्रोसेल्युलोज लॅकर मऊ पडते आणि डाग कायमचा राहतो. वातानुकूलित खोलीतून एकदम उन्हात नेल्यास याच लॅकरला बारीक भेगा जातात. काहींना त्या आवडतात, हा भाग वेगळा.

प्रश्न : माझा पगार बेताचा आहे. जुनी गिटार मला परवडेल का? (नागपूर)

उत्तर : जपानी गिटारींकडे पाहावे. ग्रेको आणि टोकाई यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात व ऐंशीच्या दशकात अमेरिकी नमुन्यांच्या उत्तम प्रती बनवल्या, आणि खुद्द फेंडरने १९८२मध्ये जपानमध्ये उत्पादन सुरू केले. खरेदीपूर्वी ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारा आतील धातूचा दांडा) दोन्ही दिशांना फिरतो का, हे विक्रेत्यासमोरच तपासून घ्यावे. तो अडकलेला असेल तर किंमत कितीही उतरली तरी व्यवहार सोडून द्यावा.