‘मी काढतो’ म्हटलं आणि सगळ्या हसल्या

आक्का, मी १४ वर्षांची, घर कोल्हापुरात गंगावेशीजवळ. यंदा नववीला बाहेरगावच्या निवासी शाळेत ॲडमिशन मिळालीय. मागच्या शनिवार-रविवारी ओरिएंटेशन होतं, घरचे शनिवारी दुपारी सोडून गेले आणि आम्ही एक रात्र हॉस्टेलवर राहिलो. ओळख करून देताना मी म्हटलं, ‘मी रांगोळी काढतो’, तर सगळ्या हसल्या, एकजण म्हणाली हा मुलगा आहे का. रात्री बाथरूममध्ये जाऊन रडलो. शेजारच्या कॉटवरच्या नांदेडच्या मुलीचं कुलूप उघडत नव्हतं तेवढं उघडून दिलं, बाकी कुणाशी बोललो नाही. रविवारी न्यायला आले तेव्हा पप्पांनी विचारलं कसं वाटलं, मी म्हटलं लई भारी. त्यांनी दोन म्हशी विकून पहिला हप्ता भरलाय. जूनमध्ये शाळा सुरू होणार आणि मला जायचं नाही. त्यांना कसं सांगू?

बाळ,

तू पत्रात पण ‘रडलो’ असंच लिहिलंयस, आणि ते वाचून मी एकटीच हसलो, पण त्या पोरी हसल्या तसं नव्हे, आपलं माणूस भेटल्यावर हसतात तसं. मी पण जन्मभर आलो, गेलो, जेवलो असंच बोलत आलो. माझी आई तसंच बोलायची, आजी तसंच, आणि आमच्या मराठीच्या बाई फळ्यावर ‘मी जाते’ लिहून झालं की खडू ठेवून म्हणायच्या, ‘चला, मी येतो आता’. पेपरात मात्र ‘काढते’ लिही, तिथं मार्क जातात.

आता लातूरच्या नाहीतर नाशिकच्या पोरीनं हे उभ्या जन्मात ऐकलेलं नसतं, तिला खरंच नवल वाटतं, त्यातल्या निम्म्या तरी त्या नवलानंच हसल्या असतील. ‘हा मुलगा आहे का’ हे मात्र वाईटच, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण एक बघ, त्या दोन दिवसांत तिथली प्रत्येक पोरगी घाबरलेली असते, आपल्यावर कोण हसायच्या आत आपणच दुसऱ्यावर हसून घ्यावं असा सगळा कारभार असतो. पुढच्या वेळी कोण हसलं तर खाली बघू नको, सरळ म्हण की ‘आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात, तुमच्याकडं काय वेगळं बोलतात सांग की’, आणि ती काय सांगते ते खरंच ऐक, कारण तिच्या बोलण्यात पण हसण्यासारखं सापडणारच.

हसण्याची पण एक हद्द असते हे ध्यानात ठेव. कोण मारतंय, सामान लपवतंय, रात्री झोपू देत नाही, मोठ्या पोरी आपली कामं करून घ्यायलेत, असलं काही झालं तर ते ‘हॉस्टेलमध्ये चालतंच’ म्हणून सोसायचं नाही. त्याच दिवशी रेक्टर मॅडमला सांगायचं आणि घरी पण सांगायचं, कोणच ऐकंना तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फुकटचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो.

बरं, रडलीस ते. मी अकरावीला गारगोटीहून इथं कोल्हापुरात हॉस्टेलला आलो. रोज सकाळच्या एसटीनं आईचा डबा यायचा, फडक्यात बांधलेला, गाठीत नावाची चिठ्ठी, तेव्हा खेड्यातल्या बऱ्याच पोरांचे डबे असेच कंडक्टरच्या भरवशावर यायचे आणि आम्ही स्टँडवर जाऊन घ्यायचो. पहिल्याच आठवड्यात एक दिवस माझा डबा आलाच नाही. साडेदहापासून एक वाजेपर्यंत गारगोटीच्या गाड्यांच्या फलाटावर उभी राहिलो, येईल त्या गाडीत डोकावून बघायचो, आणि शेवटी तिथंच बाकड्यावर बसून ढसाढसा रडलो. भाकरीसाठी नव्हे गं, भाकरी रूमवरच्या पोरीनं दिली असती आणि दिलीच. ती आईच्या हातची गाठ त्या दिवशी सोडायला मिळाली नाही ना, त्याचं रडू. आणि त्याच रात्री घरी पत्र लिहिलं की माझं इथं सगळं उत्तम चाललंय! आई दोन महिन्यांनी भेटायला आली, माझी मनगटं बघितली आणि काहीच बोलली नाही, जाताना स्टँडवर एवढंच म्हणाली, ‘मला खरं कळवलं असतंस तर मी काय तुला गाडीत घालून परत नेणार होतो काय?’ ते तिचं वाक्य मला अजून टोचतंय.

म्हणून तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर ते ‘लई भारी’. हसणं चार दिवसांत विरून जाईल, रडू महिन्याभरात उतरतं, पण हे लई भारी एकदा सांगितलं की दर रविवारी फोनवर तेच सांगत बसावं लागतं.

पप्पांना आजच सांग. पाहुणे असताना नको, जेवताना नको. संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर म्हशीचं दूध काढून झालं, गिऱ्हाईक सरलं की घरी येताना त्यांच्याबरोबर चालत चालत सांग, चालताना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही त्यामुळं बोलणं सोपं जातं. म्हणावं, पप्पा, त्या दिवशी मी खोटं बोललो, तिथं मला हसले आणि मी रडलो, मला भीती वाटायलीय. एवढंच. ‘मी जाणार नाही’ हे पहिल्या वाक्यात नको, नाहीतर त्यांच्या डोळ्यांसमोर आधी म्हशी येणार. आणि त्या म्हशींचं ओझं तू घेऊ नको, ते पैसे त्यांनी हौसेनं लावलेत, तू फेडायचं कर्ज नव्हे ते.

हे दाखला काढायच्या आत झालं पाहिजे बरं का. जुन्या शाळेतनं दाखला एकदा काढला की तिथली जागा तशीच राहील असं नाही, आणि फी परत मिळायचे काय नियम आहेत ते पप्पांना फॉर्मवर नीट वाचायला सांग, सही करताना कोण वाचत नाही. शाळेला एक फोन करून हे पण विचारून घ्या की सुरुवातीला किती दिवस घरी बोलता येत नाही, भेटायचा दिवस कुठला, रात्री पोरींच्या हॉलजवळ कोण मोठं माणूस झोपतं.

माझं मत विचारशील तर जा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत राहून बघ, तेव्हाही नकोच वाटलं तर पुढचं बोलू असं पप्पांकडनं आत्ताच कबूल करून घे. ओरिएंटेशन म्हणजे लग्नातलं जेवण, त्यावरनं सासर कळत नाही! त्या दोन दिवसांत मधला वेळ नुसता मोकळा असतो आणि रिकाम्या वेळीच घर आठवतं. शाळा सुरू झाल्यावर पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत घंटाच घंटा, अवघड असतं ते खेळ संपल्यापासून दिवे लागेपर्यंतचं, त्या वेळेला हाताला काहीतरी काम ठेव. रांगोळी येते की तुला.

आणि आपल्या गावाचं सांगतो. खेड्यातनं शिकायला येणाऱ्या पोरांना इथं राहायला जागा मिळत नव्हती म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढायला सुरुवात केली, आधी मराठा, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक, १९०८ ला अस्पृश्य पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दसरा चौकात जाशील तेव्हा मुस्लिम बोर्डिंगकडं जरा थांबून बघ. शंभराहून जास्त वर्षं हे गाव बाहेरच्या पोरांना ठेवून घेतंय, त्यांच्या बोलीला आपण कोल्हापूरकर हसलो नसू काय? हसलो असणारच. यंदा बाहेरची तू आहेस.

शेवटचं, त्या नांदेडच्या पोरीचं नाव तू लिहिलं नाहीस, विचारायचं राहिलं वाटतं. अख्ख्या हॉलमध्ये तिनं कुलूप घेऊन तुलाच गाठलं. ते कुलूप पावसात परत अडकणार, शिवणमशिनच्या तेलाची बारकी बाटली ट्रंकेत टाकून ने.

तुझी आक्का