अमेरिकेत कारखाना परदेशात हलवला तर कामगारांना सरकारकडून वेगळी मदत मिळते का?

तुम्ही लिहिलंय की मेहुणे ओहायोत गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहेत, काम मेक्सिकोला चाललंय आणि अशा लोकांसाठी सरकारची खास योजना असते असं कुणीतरी सांगितलं. असते नव्हे, होती. ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स, बोलताना नुसतं टीएए. काँग्रेसने (म्हणजे इथल्या संसदेने) मुदत वाढवली नाही, म्हणून १ जुलै २०२२ पासून केंद्रीय कामगार खातं नवे अर्ज मंजूर करत नाही. तेव्हा मेहुण्यांनी त्या आशेवर राहू नये. मी स्वतः या योजनेवर दोन वर्षं काढली, म्हणून ती काय होती ते सांगतो आणि आज काय करता येईल तेही.

२०१२ साली मी इंडियानातल्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. त्याआधी भोसरीत सहा वर्षं हेच काम केलेलं. काम मेक्सिकोला जाणार हे कळलं आणि पुढच्याच महिन्यात तिकडून चौघं शिकायला आले. गेज कसं लावायचं, कुठला पार्ट नापास करायचा, सगळं मीच शिकवलं. पोरं चांगली होती, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. प्रेस उचलून नेल्यावर फरशीवर तेलाचे काळे चौकोन उरले होते आणि आम्ही सवयीने त्यांना वळसा घालून चालायचो.

आमच्याकडे युनियन नव्हती. पण टीएएच्या अर्जाला तीन कामगारांच्या सह्या पुरायच्या, मालकाची परवानगी लागत नसे. टूलरूममधले दोघं आणि मी, अशा तीन सह्या झाल्या. मग कामगार खातं कंपनीकडून माहिती मागवून चौकशी करायचं : उत्पादन खरंच बाहेर गेलं का, आयातीमुळे काम घटलं का. मंजुरी एकेकट्याला नसे, त्या जागेवरच्या सगळ्या गटाला मिळायची. त्यामुळे ठेकेदाराकडून आलेली पण आमच्याच लाइनवर राबणारी माणसंही त्यात बसली. हे मला फार आवडलं होतं, कारण आपल्याकडे हिशोबातून आधी तीच गळतात.

मिळालं काय? कॉलेजची फी आणि पुस्तकं. बेकारी भत्ता संपला तरी शिक्षण चालू असेपर्यंत दर आठवड्याला पैसे. वैद्यकीय विम्याच्या हप्त्यातला ७२.५ टक्के भाग सरकार भरायचं. मी शेहेचाळिसाव्या वर्षी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्याचा दोन वर्षांचा कोर्स केला, आजही त्यावरच पोट चालतं. पन्नाशी उलटलेल्यांना आणखी एक वाट होती : शिकत बसू नका, कमी पगाराची का होईना नोकरी धरा, पगारातल्या फरकाचा निम्मा भाग आम्ही देतो. समजा ताशी २२ डॉलरवरून १५ वर आलात, तर वर्षाला साधारण १४,५६० डॉलरचा फटका, त्यातले ७,२८० सरकारकडून. पण दोन वर्षांत मिळून १०,००० च्या वर नाही आणि नवा पगार वर्षाला ५०,००० च्या आत हवा.

गोम होती तारखांत. नोकरी गेल्यापासून किंवा मंजुरी मिळाल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून २६ आठवड्यांच्या आत कोर्सला नाव घालायला लागायचं, नाहीतर साप्ताहिक पैसे गेले. कँटीनमधल्या सभेत राज्य सरकारच्या बाईंनी फळ्यावर २६ चा आकडा लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली होती. तरी आमच्यातला एक जण बघू बघू करत नऊ दिवसांनी चुकला. सतरा वर्षांची नोकरी होती त्याची.

योजना तशी जुनी, केनेडींच्या काळातली, १९६२ ची. पण अटी इतक्या कडक की १९६९ पर्यंत एकही अर्ज मंजूर झाला नाही; १९७४ च्या कायद्याने दार जरा उघडलं. कामगार संघटना तिला मयताचा विमा म्हणायच्या, कारण नोकरी वाचवायची सोय त्यात नव्हतीच. आणि एक गंमत. सॉफ्टवेअरवाल्यांचे अर्ज कित्येक वर्षं फेटाळले जायचे, का तर सॉफ्टवेअर ही 'वस्तू' नाही! २००६ मध्ये खात्याने भूमिका बदलली, २००९ मध्ये सेवा क्षेत्रही आत आलं. हे अर्ज फेटाळले जात होते तेव्हा माझा मावसभाऊ हिंजवडीत, इथून तिकडे गेलेल्या कामावरच नोकरीला लागला होता. त्याच्या पेढ्यांचा फोटो मला आला होता.

आता मेहुण्यांचं. कारखान्यात शंभरावर लोक असतील तर वॉर्न कायद्याप्रमाणे बंद करण्याआधी ६० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. ती दिली नाही तर तेवढ्या दिवसांचा पगार मागता येतो. तो कागद जपून ठेवायला सांगा. बेकारी भत्त्याचा अर्ज नोकरी सुटेल त्याच आठवड्यात. मग जवळच्या ओहायो-मीन्स-जॉब्स या रोजगार केंद्रात जाऊन 'डिसलोकेटेड वर्कर' (म्हणजे कारखाना बंद पडून किंवा हलून नोकरी गेलेला कामगार) म्हणून नाव नोंदवायचं, हाच शब्द वापरायचा. त्याखाली शिक्षणाला पैसे मिळू शकतात, पण निधी मर्यादित असतो आणि टीएएसारखा तो हक्काचा नाही. म्हणून आधी जाणं बरं. आणि कंपनीचा वैद्यकीय विमा संपला की सरकारने चालवलेल्या विमा-बाजारातून (मार्केटप्लेस) नवा विमा घ्यायला ६० दिवस असतात. आमच्या वेळच्या तारखा माझी बायको मागे लागली म्हणूनच पाळल्या गेल्या, तेव्हा ही तारीख मेहुण्यांना नको, बहिणीला सांगा.