'थेगुक'मधलं आढं

प्रश्न: पाचवीच्या मुलांना दक्षिण कोरियाचा ध्वज समजावून सांगायचा आहे. त्याचं नाव मराठीत 'टाएगुकगी' लिहावं की 'तेगुकी'? आणि मधल्या गोलाला 'यिन-यांग' म्हटलेलं चालेल का?

उत्तर: 'टाएगुकगी' मुळीच नको. इंग्रजी स्पेलिंगवर बोट ठेवून वाचलं की असे शब्द तयार होतात, आणि हल्ली ते जिथे-तिथे ऐकू येतात. कोरियन उच्चारातला पहिला वर्ण महाप्राण आहे आणि त्याच्यासाठी आपल्याकडे चांगला 'थ' आहे. शेवटचा 'गी' म्हणजे ध्वज. जोडून बोलताना त्याचा 'क्की' होतो. तेव्हा 'थेगुक्की' लिहा.

'यिन-यांग' ही चिनी जोडी, कोरियन भाषेत 'उम-यांग'. ती नावं गोलातल्या दोन रंगांची: वरचा लाल भाग यांग, खालचा निळा उम. अख्ख्या गोलाचं नाव थेगुक. चिनी चित्रातले दोन ठिपके इथे नाहीत, मुलांना ते काढू देऊ नका.

आता 'थेगुक' या शब्दाकडे वळू. 'थे' म्हणजे महा, हे सोपं आहे. 'गुक'चं भाषांतर मात्र सरसकट 'परमतत्त्व' किंवा थेट 'परब्रह्म' असं केलं जातं आणि शब्दाचा जीवच जातो. हे मूळचं चिनी अक्षर. त्याच्या डाव्या बाजूला 'लाकूड' हे चिन्ह आहे. तत्त्वज्ञानात लाकूड कुठून आलं? सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा चिनी अक्षरकोश सरळ सांगतो: घराच्या छपराची सर्वांत वरची तुळई. म्हणजे आपलं आढं! वळचणीचं पाणी ज्या आढ्याला कधी जात नाही, तेच. आढ्याच्या वर घरात काही नसतं, म्हणून या अक्षराला 'टोक', 'पराकाष्ठा' हे अर्थ आले. उत्तर ध्रुव कोरियन भाषेत 'बुक्कुक' आणि बॅटरीचं धन टोक 'यांगगुक'; दोन्हींत हेच अक्षर.

'यांग'सुद्धा मुळात डोंगराची उन्हाकडची बाजू आणि 'उम' सावलीची. सोलचं जुनं नाव हानयांग, कारण हान नदीच्या उत्तर तीरावरची, दक्षिणेचं ऊन मिळणारी ती जागा. माझ्या मते या दोन्ही प्रतिमा एकत्रच पाहायला हव्यात. आढ्यापासून छपराची दोन पाखी दोन बाजूंना उतरतात, एकावर ऊन, दुसऱ्यावर सावली, आणि दोघांना धरून ठेवणारं लाकूड एकच. थेगुक म्हणजे महा-आढं! हे कोणत्या कोशात नाही म्हणून नाकारणाऱ्यांनी आधी त्या अक्षरातलं लाकूड कुठे ठेवायचं ते सांगावं. पाचवीतल्या मुलाला 'परमतत्त्व' कळणार नाही, कौलारू घराचं आढं लगेच कळेल.

'गुक'च्या याच अक्षरावरून आणखी एक चूक दुरुस्त करायला हवी. 'ताई-ची' या चिनी व्यायामप्रकाराच्या नावातला 'ची' म्हणजे प्राणशक्ती, असं आपल्याकडचे योगवर्गवाले ठणकावून सांगतात. साफ चूक. प्राणशक्तीचा 'ची' वेगळ्या अक्षराचा. 'ताई-ची' म्हणजे चिनी उच्चारातलं 'थेगुक'च, तेच आढं. उलट तायक्वांदोतल्या 'ताय'चा या 'थे'शी काही संबंध नाही, त्याचा अर्थ पायाने तुडवणं. मात्र तायक्वांदो शिकणारी मुलं वर्गात असतील तर त्यांना 'थेगुक' आधीच माहीत असेल. पट्ट्याच्या परीक्षेला त्या नावाचे, ठरलेल्या हालचालींचे आठ क्रम करावे लागतात आणि प्रत्येक क्रम तीन-तीन रेघांच्या आठ चिन्हांपैकी एकाचा असतो. ध्वजावर त्यांतली चारच घेतली आहेत: पहिल्या क्रमाचं गॉन म्हणजे आकाश, तिसऱ्याचं री म्हणजे अग्नी, सहाव्याचं गाम म्हणजे पाणी, आठव्याचं गोन म्हणजे पृथ्वी.

पाक यंग-ह्यो या राजदूताने १८८२ साली जपानला जाताना जहाजावर हा ध्वज आखला, ही गोष्ट सांगायला छान आहे, पण 'पहिल्यांदाच' म्हणू नका. त्याच वर्षी जुलैत, तो निघण्याआधी, अमेरिकी नौदलाने छापलेल्या ध्वजसंग्रहात असाच कोरियन ध्वज आहे. राजाने तो १८८३ मध्ये अधिकृत केला. आजची मापं १९४९ची.

चित्र काढताना लांबी-उंची ३:२ ठेवा आणि गोलाचा व्यास उंचीच्या निम्मा. चिन्हांच्या जागा मुलं नेहमी चुकवतात. त्यासाठी रेघांचे तुकडे मोजायला लावा (अखंड रेघेचा एक, मधे तुटलेलीचे दोन): डावीकडे वर ३, खाली ४, उजवीकडे वर ५, खाली ६.