दुसरा प्रश्न

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या यूट्यूबवरच्या कार्यक्रमाचे तू पाठवलेले भाग सलग पाहिले. आवाज स्वच्छ आहे, कॅमेऱ्याला बिचकत नाहीस, आणि जतची बोली लपवत नाहीस याचं फार बरं वाटलं. मुंबईच्या चॅनेलवर रात्रीची राजकीय चर्चा चालवायची तुझी इच्छा आहे. जरूर चालव. पण आधी एका गोष्टीकडे नीट बघ.

म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावरच्या भागात तू नेत्यांना विचारलंस, "टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावांना पाणी कधी?" ते म्हणाले, "शासन सकारात्मक आहे." तू मान हलवलीस आणि रस्त्यांच्या विषयाकडे गेलीस. खरा कार्यक्रम तिथून सुरू व्हायचा होता. उपसा योजना पंपावर चालते आणि पंप विजेवर. त्या बिलाचे 81 टक्के शासनाने आणि 19 टक्के शेतकऱ्याने भरायचे असं ठरलेलं आहे. मग शेतकऱ्याच्या वाट्याची वसुली किती झाली? उसाच्या बिलातून कापून घेतलेले पैसे पाटबंधारे खात्याकडे वेळेवर पोचले का? ज्याच्या रानात पाण्याचं आवर्तन आलंच नाही, त्याच्याकडूनही पाणीपट्टी घेतली का? शासनाने आपल्या वाट्याची तरतूद केली का? यातला एक प्रश्न जरी विचारला असतास तरी 'सकारात्मक' हा शब्द पुरला नसता.

पहिला प्रश्न कुणालाही सुचतो. पाहुणा त्याचं उत्तर गाडीतच पाठ करून येतो. अँकर कळतो तो दुसऱ्या प्रश्नात, आणि त्यासाठी दोन गोष्टी लागतात: समोरचा बोलत असताना खरोखर ऐकणं, आणि आधी वाचलेले कागद. तू ऐकत नाहीस. पुढचा प्रश्न वहीत शोधत असतेस, ते कॅमेऱ्यात दिसतं.

कागद मिळतात, शोधणारी माणसं कमी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. एकाच माणसाची 2014, 2019 आणि 2024 ची प्रतिज्ञापत्रं शेजारीशेजारी ठेवून वाच. विधानसभेतली प्रश्नोत्तरं, कॅगचे अहवाल, शासन निर्णय वाच. महापुरावर चर्चा असेल तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी, कोयना धरणाचा विसर्ग आणि अलमट्टी धरणाची त्या दिवशीची पातळी समोर असू दे. आयर्विनला 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी, हे सांगलीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अँकरला ठाऊक नसेल तर प्रेक्षक तिथेच टीव्ही बंद करतो.

1997 साली बीबीसीच्या 'न्यूजनाइट'वर जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला: तुरुंग खात्याच्या प्रमुखाचा निर्णय फिरवण्याची धमकी तुम्ही दिली होती का? हॉवर्ड दर वेळी बगल देत राहिले, आणि ती बगल देणंच आजवर लोकांच्या लक्षात राहिलं. ती मुलाखत शोधून पाहा. किती थोडे शब्द लागतात ते कळेल.

आता आरडाओरड्याबद्दल. टीआरपीसाठी सगळं चालतं असं तू लिहिलंस. ते अर्धंच खरं आहे. ऑक्टोबर 2020 ते मार्च 2022 या काळात बातम्यांच्या चॅनेलांचे टीआरपीचे साप्ताहिक आकडे येतच नव्हते. तेव्हा ओरडणं थांबलं का? मला तर फरक दिसला नाही. माझ्या मते खरं कारण खर्चाचं आहे. एक वार्ताहर आणि ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी, जतला पाठवण्यापेक्षा सहा प्रवक्त्यांच्या सहा खिडक्या उघडून त्यांची कोंबड्यांसारखी झुंज लावणं फार स्वस्त पडतं. अमेरिकेत सीएनएनचा 'क्रॉसफायर' 1982 पासून दोन बाजूंच्या भांडणावर चालला. 2004 साली विनोदी कलाकार जॉन स्टुअर्ट यांनी त्याच कार्यक्रमात बसून त्याच्या सूत्रसंचालकांना तोंडावर सुनावलं की तुम्ही देशाचं नुकसान करताय. पुढच्या वर्षी तो बंद झाला.

या खिडक्यांमधून जिल्हा दिसत नाही, हे तर आपण 2024 च्या लोकसभेला पाहिलंच. दर पक्षाला एक खिडकी, आणि सांगलीने लाखभर मतांनी निवडून दिले अपक्ष विशाल पाटील. म्हणून पॅनलवर एक तरी माणूस असा आण, ज्याला कुठल्याच पक्षाची बाजू मांडायची नाही: निवृत्त अभियंता, बाजार समितीतला हमाल, ग्रामसेवक.

सगळ्यात अवघड भाग मात्र स्टुडिओबाहेरचा आहे. आपल्याकडे नेता परका नसतो. वसंतदादा, राजारामबापू, आर. आर. आबा ही नावंच बघ, नात्याशिवाय हाक मारायची आपल्याला सवय नाही. तुझे वडील ज्या संस्थेत आहेत तिचे अध्यक्ष उद्या तुझ्या समोरच्या खुर्चीत असतील, आणि तुझ्या मामाचा ऊस कुणाच्या कारखान्याला जातो ते ते जाणून असतील. घरी 'दादा' म्हण, पाया पड, लग्नाला जा. कॅमेऱ्यासमोर मात्र 'आमदारसाहेब' म्हण. त्या एका शब्दाने त्यांनाही कळतं की आता भाचीशी बोलत नाही आहोत. आणि वडिलांना आधीच विश्वासात घे. कार्यक्रमाची झळ त्यांना बसणार असेल तर ती कशामुळे बसते आहे हे त्यांना तुझ्याच तोंडून कळायला हवं.

निवडणुकीत पॅकेज येईल, म्हणजे पैसे घेऊन उमेदवाराच्या बाजूच्या बातम्या द्यायचा सौदा. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या पेड न्यूजची देशभर चर्चा झाली, प्रेस कौन्सिलने अहवाल केला, तरी पॅकेज हा शब्द अजून आपल्याकडे उजळ माथ्याने वापरला जातो. एकदा घेतलंस की दुसरा प्रश्न विचारण्याची मुभा त्याच दिवशी विकली गेली. माझी तुला हात जोडून विनंती आहे, घेऊ नकोस. यूट्यूबवर स्पॉन्सर लागतोच. तो बियाण्याचा, कपड्याच्या दुकानाचा, क्लासेसचा असू दे. साखर कारखान्याचा आणि बँकेचा नको.

बाकी पगार, ओळख, लोकांनी सेल्फी मागणं हे येतं आणि जातं. त्यावर लिहीत नाही.

मुंबईहून बोलावणं आलं तर पगाराच्या आधी तीन गोष्टी विचार. पाहुणे कोण ठरवतं? विषय संध्याकाळी किती वाजता हातात येतो? आणि पाहुणा अडकलेला असताना पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातून, कानात 'ब्रेक घ्या' आलं, तर अजून एक प्रश्न विचारू देतील का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला तर काय समजायचं ते समज. करार हातात आला की सही करण्याआधी माझ्याकडे पाठव, आपण दोघं मिळून वाचू.

तुझे सर
सांगली