सातवीतल्या मुलाला वाचनाची गोडी कशी लावावी?

मुलगा सातवीत गेला, मोबाइल सोडत नाही, वाढदिवसाला आणलेली बोधकथांची पुस्तकं तशीच पडून आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. याच वयाच्या मुलांशी रोज गाठ पडते, म्हणून उत्तर देते.

ताई, मोबाइलचं नंतर बघू. आधी त्याला न अडखळता वाचता येतं का, ते बघा. सातवी-आठवीत येऊनही जोडाक्षर आलं की थबकणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. वर्गात ती बेमालूम लपवतात. सगळ्यांबरोबर नुसते ओठ हलवतात, पाळी आली की दप्तरात काहीतरी शोधत बसतात. ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरत असेल तर गोष्टीत जीव कसा रमणार? अशा मुलाला ‘वाचत जा रे’ म्हणून काही होत नाही. रात्री जेवणं झाल्यावर शेजारी बसून तुम्हीच मोठ्यानं वाचा, मधला एखादा संवाद त्याच्याकडं द्या. चुकला तर लगेच टोकू नका, वाक्य पुरं होऊ द्या. मुलगा मोठा झाला म्हणून वाचून दाखवणं बंद करायचं, ही पद्धत मला अजिबात पटत नाही.

वाचता येत असूनही वाचत नसेल, तर पुस्तक कोणी निवडलं ते विचारा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं. बोधकथा तुम्ही निवडल्यात. त्याला काय हवंय?

आमच्याकडं तालमीत जाणारा एक मुलगा होता. वाचनाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायचा. एकदा पुस्तक घ्यायला उभा राहिला आणि विचारलं, “बाई, ह्यात कुस्तीचं काय हाय व्हय?” मी खाशाबा जाधवांवरचं एक पातळ पुस्तक काढून दिलं. कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो उभ्या उभ्याच वाचायला लागला, घंटा झाली तरी जागचा हलेना. पुढच्या आठवड्यात कोल्हापुरातल्या कुस्तीच्या खासबाग मैदानाबद्दल विचारत आला, मग ते बांधणाऱ्या शाहू महाराजांबद्दल. तुमच्या मुलाला फुटबॉलचं वेड असेल तर पेपरातल्या सामन्याच्या बातमीपासून सुरुवात करा. सापांचं असेल तर नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची चित्रं असलेलं पुस्तक आणा. तेही वाचनच आहे. ‘हे काय वाचतोस’ असं मात्र म्हणू नका.

बऱ्याच शाळांत पुस्तकं कपाटात कुलूपबंद असतात. एखादं गहाळ झालं की वार्षिक पडताळणीत दाखल नोंदवहीशी, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक लिहून ठेवतात त्या वहीशी, मेळ बसत नाही, त्याचं उत्तर ग्रंथपालाला द्यावं लागतं. ती भीती मी समजू शकते. तरी मी वाचनाच्या तासाला कपाटं सताड उघडी ठेवते. मुलं चाळतात, दोन पानं वाचून परत ठेवतात, दुसरं काढतात. अर्धवट टाकायची मुभा घरीही द्या.

आणि वाचून झाल्यावर ‘तात्पर्य काय?’ हे विचारूच नका, कळकळीची विनंती आहे. पुस्तकामागं परीक्षा लागली की मुलगा पुस्तकालाच टाळायला लागतो. त्याऐवजी ‘पुढं काय झालं रे?’ म्हणा, त्याला सांगू द्या.

खर्चाचं म्हणाल, तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. मोबाइल हातात असतोच, त्यावर तेच उघडून द्या. तुम्ही कोल्हापुरातच असाल तर 1850 पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात त्याला घेऊन जा. पुस्तक त्यालाच काढू द्या, तुम्ही तुमच्यासाठी एखादं घ्या.