उपकार मोजायचे, पण नेमके

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा, आभार मानण्याचा अमेरिकन सण) जेवणाआधी प्रत्येकाने आपल्यावरचे देवाचे उपकार सांगायचे, अशी घरची रीत आहे. पण सगळे 'आरोग्य, घरदार, नोकरी' एवढं बोलून मोकळे होतात. मुलं ९ आणि १४ वर्षांची आहेत, त्यांना तेवढंही नको असतं. काय करावं?

उत्तर : भुकेल्या माणसाला ताटापुढे बसवून वर्षाचे उपकार विचारले, तर ढोबळ शब्दच तोंडी येणार. मोजदाद आधी व्हायला हवी. १ नोव्हेंबरला स्वयंपाकघरात एक झाकणाची बरणी, पेन आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. प्रत्येकाने आठवड्याला तीन चिठ्ठ्या टाकायच्या. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार २२ ते २८ तारखेच्या दरम्यान येतो, म्हणजे तीन आठवडे हमखास मिळतात आणि चौघांच्या ३६ चिठ्ठ्या होतात.

चिठ्ठीवर तीनच गोष्टी हव्यात : तारीख, काय घडलं, कोणाच्या हातून. 'शेजारी चांगले आहेत' ही चिठ्ठी नव्हे. '१२ नोव्हेंबर. बस चुकली, पाऊस होता, समोरच्या काकूंनी शाळेत सोडलं' ही चिठ्ठी. बायबलमधलं स्तोत्र १०३ असंच मोजतं. देवाचे उपकार विसरू नकोस असं स्वतःच्या जिवाला बजावून दावीद लगेच एकेक सांगू लागतो : तो क्षमा करतो, बरं करतो, गर्तेतून सोडवतो, उत्तम पदार्थांनी तृप्त करतो. प्रत्येक ठिकाणी देवाने काहीतरी केलेलं आहे. तेव्हा चिठ्ठीतही क्रियापद हवंच.

बेत फसतो तो बहुधा मोठ्यांमुळे. धाकट्याने 'वायफाय परत आलं' लिहिलं तर ते तसंच राहू द्या. एकदा दुरुस्ती केलीत की पुढच्या चिठ्ठ्या तो तुम्हाला खूश करायला लिहील. मोठा वाचायला लाजत असेल तर चिठ्ठ्या मिसळा, नावं नकोत, ज्याच्या हाती जी येईल ती त्याने वाचावी. जी मोठ्याने वाचू नये असं वाटतं तिचा कोपरा दुमडायचा. ती न उघडता प्रार्थनेच्या वेळी टेबलावर ठेवायची.

वाचनासाठी स्तोत्र १३६ ची चाल घ्या. त्यात २६ ओव्या आहेत. एकाने ओवीचा पहिला भाग वाचायचा, बाकीच्यांनी 'त्याची दया सनातन आहे' म्हणायचं. स्तोत्र संपलं की त्याच पद्धतीने चिठ्ठ्या : एक चिठ्ठी, मग सर्वांचं उत्तर. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात. टर्की (या सणाला भाजतात तो कोंबडीसारखा मोठा पक्षी) ओव्हनमधून काढल्यावर कापण्याआधी तेवढा वेळ थांबावंच लागतं, म्हणून वाचन तेव्हाच करा.

प्रश्न : यंदा फेब्रुवारीत सासूबाई गेल्या, जूनमध्ये यजमानांची नोकरी गेली. अशा वर्षी उपकार मोजा म्हणणं आम्हाला जड जातंय. (टेक्सास)

उत्तर : जड जाणारच, आणि तसं देवापुढे म्हणायला काहीच हरकत नाही. प्रेषित पौल 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं लिहितो (१ थेस्सलनीकाकरांस ५:१८). सर्व स्थितीबद्दल करा असं तो म्हणत नाही. सासूबाईंच्या मरणाबद्दल तुमच्याकडून कोणी आभार मागितलेले नाहीत.

यंदा क्रम बदला. आधी प्रार्थनेत त्यांचं नाव घ्या, नोकरी गेल्याचं स्पष्ट बोला, मग हबक्कूक ३:१७-१८ वाचा. अंजीर फुलत नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, अशी उणिवांची यादी तिथे पुरती सांगून झाल्यावरच आनंदाचा शब्द येतो. चिठ्ठ्या त्यानंतर. यजमानांना पहिली चिठ्ठी वाचायला लावू नका, त्यांची एकही नसली तरी चालेल. आणि 'निदान' या शब्दाने सुरू होणारं वाक्य कोणी बोलू नये. 'निदान फार हाल तरी झाले नाहीत' हे ऐकून दुःखातला माणूस गप्प होतो. इतरांपेक्षा आपलं बरं, हा हिशेबही नको. लूक १८ मधला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) 'मी इतरांसारखा नाही' म्हणत तेच करतो.

प्रश्न : पहिल्यांदाच १२ पौंडांची गोठवलेली टर्की आणणार आहे. दुपारी २ ला जेवण. कधी बाहेर काढू? (शिकागो)

उत्तर : रविवारी संध्याकाळी फ्रीजरमधून काढून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, खोलगट ट्रेमध्ये ठेवा. दर ४-५ पौंडांना २४ तास लागतात, म्हणजे साधारण तीन दिवस. ओट्यावर ठेवू नका; आतला बर्फ वितळेपर्यंत वरचं मांस खराब व्हायला लागतं. बुधवारी रात्रीही कडक असेल तर पिशवीसकट गार पाण्यात बुडवा, पौंडामागे ३० मिनिटं, पाणी दर अर्ध्या तासाने बदलत. पोटात काळीज-गळ्याची पिशवी असते, ती काढायला विसरू नका. धुऊ नका, शिंतोडे ओटाभर जातात.

३२५ अंश फॅरनहाइटला, पोटात सारण न भरता, ३ ते पावणेचार तास. सकाळी ९:३० ला आत ठेवलीत तर फार तर सव्वा वाजता निघेल. रंगावर जाऊ नका. मांडीत आणि छातीत हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसा, १६५ दिसायला हवं. छातीचं मांस कोरडं पडतं, म्हणून लोणी आणि आलं-लसूण कातडीखाली सारा. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि ३-४ दिवसांत संपवा.

प्रश्न : आम्ही पुण्याचे. हा सण बायबलमधला आहे का? आम्हीही करावा का?

उत्तर : बायबलमधला नाही, अमेरिकेचा आहे. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या १०२ जणांपैकी निम्मे पहिल्या हिवाळ्यात दगावले. १६२१ च्या कापणीनंतर उरलेल्या पन्नासेक जणांनी मेजवानी केली. तिथल्या मूळनिवासी वाम्पानोग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं आणली आणि सगळे तीन दिवस एकत्र जेवले. राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, देशभर हा दिवस पाळायला सांगितलं. चौथा गुरुवार कायद्याने ठरला १९४१ मध्ये. ज्यांनी अन्न आणलं त्यांच्या वंशजांची जमीन पुढे गेली. १९७० पासून मूळनिवासी लोक त्याच दिवशी, ती मेजवानी झाली त्या प्लिमथला, शोकदिन पाळतात. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी प्रार्थनेत त्यांचीही आठवण ठेवावी.

तुम्हाला मात्र टर्कीची गरज नाही. आपल्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला धान्य-भाजी वेदीपुढे आणतात, मुंबई-वसईकडे ईस्ट इंडियन लोकांचा (तिथल्या मूळच्या कॅथलिक समाजाचा) आगेरा हा कापणीचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो. चिठ्ठ्यांची बरणी तेव्हाही ठेवता येईल.

प्रश्न : वाचून झालेल्या चिठ्ठ्यांचं काय करायचं?

उत्तर : पाकिटात घाला, वर वर्ष लिहा, पुढच्या नोव्हेंबरात नवी बरणी ठेवताना उघडा. पण त्याआधी 'कोणाच्या हातून' ही नोंद पुन्हा बघा. लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परतला. चिठ्ठ्यांतल्या माणसांची यादी करून घरात वाटून घ्या. जवळच्यांकडे स्वतः जा, भारतातल्यांना फोन करा. न्यू जर्सीत गुरुवारी रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा भारतात शुक्रवारची सकाळ असते, ७ ची.