कापलं काय?

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल तीनदा वाचला. खरेदी विभागातल्या खर्चकपातीच्या टीममध्ये जावं की नाही, याचा घोळ समजला. साहेबांनी दोन वर्षांत मॅनेजर करायचं आमिष दाखवलंय, तेही समजलं. पण सोबत क्राफ्ट हाइन्झ या अमेरिकी खाद्यपदार्थ कंपनीच्या नफ्याचा जो चढता तक्ता जोडलास, तो 2017 ला संपतो. पुढचं पान कुणी दिलं नाही, आणि तू मागितलंही नाहीस. अगं, गोष्ट तर तिथूनच सुरू होते!

मुळात हाइन्झ कंपनी काढणारा हेन्री हाइन्झ हा माणूस बघ. 1869 मध्ये पेन्सिल्व्हेनियात त्याने किसलेलं हॉर्सरॅडिश, म्हणजे एक झणझणीत मूळ, विकायला काढलं. बाकीचे ते रंगीत बाटल्यांत भरत, म्हणजे आत सलगमाचा कीस मिसळला तरी दिसायला नको. याने पारदर्शक काच घेतली. 1875 मध्ये त्याचं दिवाळं निघालं, तरी जुनी देणी वहीत मांडून त्याने ती फेडली. केचप त्यानंतरचं.

2013 मध्ये 3जी कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी आणि गुंतवणूकदार वॉरन बफे यांची बर्कशायर यांनी मिळून हाइन्झ घेतली, 2015 मध्ये तिचं क्राफ्ट या दुसऱ्या खाद्य कंपनीशी लग्न लावलं. दरवर्षी प्रत्येक खर्च शून्यापासून सिद्ध करायचा, ही त्यांची शिस्त. मला ती नावडत नाही, आयतोबा खर्च मीही कापलेत. पण कापलं काय? कॅनडातला लीमिंग्टनचा कारखाना 1909 पासूनचा, तो 2014 मध्ये बंद केला. स्थानिक मंडळींनी तो पुन्हा चालू केला आणि तिथल्याच टोमॅटोंचं केचप फ्रेंचेस या प्रतिस्पर्ध्याने विकलं. लोकांनी ते हौसेने उचललं. फेब्रुवारी 2019 मध्ये कंपनीने ब्रँड वगैरेंची पुस्तकी किंमत 15.4 अब्ज डॉलरने उतरवली, शेअर एका दिवसात 27 टक्के आपटला. क्राफ्टसाठी जास्त पैसे मोजले, हे बफेंनीही कबूल केलं.

आणि हे तर तुझ्याच खात्याचं: पुरवठादारांकडून अजून न कमावलेली सूट आधीच बचत म्हणून दाखवली, असा ठपका अमेरिकेच्या रोखे नियामकाने ठेवला. 2021 मध्ये कंपनीने तो मान्य-अमान्य न करता 6.2 कोटी डॉलर दंड भरला. कापायला काही उरलं नाही की कागदावरच कापतात.

मी हे उंचावर बसून सांगत नाही. तिशीत असताना बिस्किटाच्या पुड्याचं लॅमिनेट पातळ करायच्या कागदावर मी सही केली. प्रयोगशाळेतल्या मुलीने ओलाव्याचे आकडे आणून टेबलावर ठेवले होते. मी म्हटलं, चाचणी पूर्ण झाली की बघू. पाऊस लागला आणि माल सादळून परत यायला लागला. तोवर मला बढती मिळाली होती. निस्तरलं दुसऱ्याने, बोलणी खाल्ली त्या मुलीने. सही माझ्या एकट्याची नव्हती, हे खरंय. पण वाचवलेला पैसा काय कापून आला, हे विचारायचं काम माझं होतं.

पुढे एका प्रस्तावावर सही नाकारली, तर सात वर्षं त्याच खुर्चीत बसवलं. हेकट म्हणाले. असेन! तो प्रस्ताव तसा ठीकच होता, हे नंतर कळलं. तरी अडून बसल्याचा मला पस्तावा नाही. एकदा न विचारता सही केलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारायची मुभा असावी.

तेव्हा टीममध्ये जायचं तर जा, मी अडवत नाही. पण होकार देण्याआधी गेल्या वर्षीच्या बचतीच्या यादीतल्या सगळ्यात मोठ्या पाच नोंदी साहेबांकडे माग. प्रत्येकीपुढे पेन्सिलीने लिही: कापलं काय? पुडा, माणूस, कच्चा माल, की नुसताच आकडा? मग मला फोन कर. यादी द्यायला ते कां-कू करत असतील, तर त्याच दिवशी कर.